हुबाराचे नृत्य आणि कुवेतचा हिवाळा

कुवेतमध्ये हुबारा हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. परंतु तेथील माणसाने तो ज्या रूपात पाहिला ते त्याचे हिवाळी, मुके आणि मातीच्या रंगात मिसळून गेलेले रूप होय. कझाकस्तान, उझबेकिस्तान, मंगोलिया आणि पश्चिम चीन येथील थंड वाळवंटांत वीण करणारे हुबारा थंडीच्या तोंडावर दक्षिणेकडे निघतात, इराण, इराक, अरबी द्वीपकल्प, पाकिस्तान आणि वायव्य भारत येथील कोरड्या मैदानांत हिवाळा काढतात आणि ऊन तापू लागण्याआधी परततात. ज्या प्रणयनृत्यामुळे पक्षिशास्त्रात या पक्ष्याचे नाव घेतले जाते ते नृत्य स्थलांतर करणारा नर परतल्यानंतर, बहुतांशी मार्च ते मे या काळात, स्वतःच्या विणीच्या माळावर करतो. परिणामी ज्या समाजांनी हुबारावर सर्वाधिक प्रेम केले आणि सर्वाधिक हुबारा मारले, त्यांच्या वाट्याला त्याचे नृत्य क्वचितच आले. त्यांनी त्याला सावज म्हणून पाहिले, नर्तक म्हणून नव्हे. आणि गेल्या चाळीसएक वर्षांत त्याला वाचवण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचे यश व त्यांच्या मर्यादा या एका गोष्टीवरून बऱ्याच अंशी उलगडतात.

हुबारा हा माळढोकाच्या कुळातील पक्षी आहे. या कुळातील बहुतेक जाती आफ्रिका व आशियातील उष्ण प्रदेशांतील गवताळ आणि निमओसाड माळांवर राहतात, झाडावर बसत नाहीत, चालत चालत चरतात आणि संकट दिसले की उडण्यापेक्षा दबून बसणे पसंत करतात. आशियाई हुबाराचा नर साधारणपणे दोन ते तीन किलो वजनाचा, मादी त्याहून बरीच हलकी असते. पाठीवर वाळूचा रंग आणि त्यावर काळपट नागमोडी रेघा, पोट पांढरे, मानेच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरणारा काळा पट्टा आणि डोक्यावर काळ्या-पांढऱ्या पिसांचा लहानसा तुरा, एवढेच त्याचे शांत रूप आहे. अर्फज आणि रिम्थ या कुवेती वाळवंटातील झुडपांच्या आडोशाला तो बसला तर दहा पावलांवरूनही सहज नजरेत येत नाही. भुंगेरे, नाकतोडे, लहान सरडे, कोवळे अंकुर आणि बिया असे मिळेल ते खाऊन, अन्नातील ओलाव्यावर तो दीर्घकाळ पाण्यावाचून राहू शकतो.

या पक्ष्याचे वैज्ञानिक नामकरण भारतातील नमुन्यावरून झाले. जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1832 साली, हार्डविक यांच्या संग्रहातील भारतीय प्राण्यांच्या चित्रग्रंथात, त्याला मॅकक्वीन या लष्करी अधिकाऱ्याचे नाव दिले. पुढे दीर्घकाळ आशियाई हुबारा आणि उत्तर आफ्रिकेतील हुबारा ही एकाच जातीची दोन रूपे मानली गेली. 1996 साली फिलिप गोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गीकरणाचा पुनर्विचार मांडला तेव्हा त्यांनी आनुवंशिक फरकांच्या जोडीला पुरावा म्हणून दोन्हीकडील नरांच्या नृत्यातील फरक ठेवला, आणि आज हे दोन पक्षी स्वतंत्र जाती म्हणून सर्वत्र स्वीकारले गेले आहेत. एखाद्या पक्ष्याची जात ठरवताना त्याचे नाचणे हाडामांसाइतकेच प्रमाण धरले जावे, यात जीवशास्त्राच्या दृष्टीने विचित्र असे काही नाही. मादी जोडीदार निवडते ती नृत्यावरून. त्यामुळे ज्या नराचे नृत्य वेगळे तो तिच्या लेखी परका, आणि दोन समूहांची सरमिसळ तिथेच थांबते.

नृत्याची रीत अशी. विणीच्या हंगामात नर पहाटे आणि संध्याकाळी ठरावीक जागी येतो. ही जागा सपाट, विरळ झुडपांची आणि दुरून दिसेल अशी असते, आणि तोच नर वर्षामागून वर्षे तिच्याकडे परतू शकतो. प्रथम तो थोडा वेळ ताठ उभा राहून तुरा आणि मानेवरील लांब पिसे फुलवतो. मग मान मागे खेचून डोके पाठीच्या बाजूला नेतो, छातीवरील आणि मानेवरील पांढरी पिसे उलटी उभारतो आणि त्या पांढऱ्या फुलोऱ्यात त्याचे डोके पूर्णपणे बुडून जाते. या अवस्थेत, समोरचे जवळजवळ काहीही न दिसता, तो उंच पावले टाकीत कधी सरळ, कधी वळसे घेत झुडपांमधून पळू लागतो. दुरून पाहणाऱ्याला पक्षी दिसतच नाही, वाऱ्याने माळावर ढकलत नेलेल्या कापसाच्या पेळूसारखे काहीतरी पांढरे तेवढे हलताना दिसते. मधूनच तो झुडपाला किंवा दगडाला अडखळतो, सावरतो आणि पुन्हा धावतो. धाव संपली की काही वेळा तो खोल, घुमणारे हुंकार काढतो. उत्तर आफ्रिकी हुबाराच्या या हुंकारांचे ध्वनिमुद्रण करून अभ्यास झाला आहे. त्यांची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे 40 ते 50 इतकी खाली असते, म्हणजे माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या थोडी वर. असा खर्जातला आवाज उघड्या माळावर दूरवर पोचतो, आणि प्रत्येक नराचा हुंकार वेगळा ओळखू येईल इतका स्वतंत्र असतो, असे त्या अभ्यासात आढळले.

नर एकमेकांच्या अगदी शेजारी नाचत नाहीत, पण एकमेकांपासून पुरते दूरही जात नाहीत. काही पक्ष्यांत सर्व नर एका छोट्या रिंगणात जमून नाचतात आणि माद्या त्यांतून निवड करतात. अशा सामुदायिक नृत्यस्थळाला येथे नृत्यांगण म्हणता येईल. हुबाराचे नृत्यांगण विखुरलेले असते, म्हणजे दोन नरांत शेकडो मीटरचे अंतर असते, पण पांढरा फुलोरा आणि हुंकार यांमुळे ते एकमेकांच्या दृष्टीच्या व श्रवणाच्या टप्प्यात राहतात. मीलनानंतर नराचा संबंध संपतो. घरटे म्हणजे जमिनीतील उथळ खळगा, त्यात दोन ते चार अंडी, सुमारे 23 दिवसांची उबवण आणि पिलांचे संगोपन हे सर्व मादी एकटी करते. मोरोक्कोत झालेल्या आनुवंशिक तपासणीत तर एका घरट्यातील पिलांचे बाप एकाहून अधिक असल्याची उदाहरणे पुष्कळ आढळली. तेव्हा एकच बलवान नर सगळ्या माद्या मिळवतो हे चित्र या पक्ष्याला लागू पडत नाही.

अशा नृत्याची किंमत नराला मोजावी लागते. मोरोक्कोतील प्रजनन केंद्रात अनेक वर्षे नोंदलेल्या माहितीवरून ब्रायन प्रेस्टन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली असा निष्कर्ष काढला की तरुणपणी सर्वांत जास्त आणि सर्वांत झोकात नाचणाऱ्या नरांच्या शुक्राणूंचा दर्जा पुढे इतरांपेक्षा लवकर घसरतो. नृत्य हे फुकटचे प्रदर्शन नसून शरीराच्या भांडवलातून केलेला खर्च आहे, आणि म्हणूनच मादीच्या दृष्टीने ती विश्वसनीय खूण ठरते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता कुवेतकडे वळता येईल. सुमारे 17,800 चौरस किलोमीटरच्या या देशात पाऊस वर्षाला शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा हिवाळ्यात व वसंतात. 21 जुलै 2016 रोजी मित्रिबाह येथे तापमान 54 अंश सेल्सियसच्या घरात गेले होते. चांगला पाऊस झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळवंट हिरवे होते आणि कुवेतचे राष्ट्रीय फूल मानला जाणारा अर्फज पिवळ्या फुलांनी भरून जातो. पूर्वी उत्तरेकडून येणाऱ्या हुबाराचे थवे याच काळात या मैदानांवर चरत असत. बदाऊ टोळ्यांच्या दृष्टीने हा हंगाम बहिरी ससाण्याने शिकार करण्याचा होता. शरद ऋतूत किनाऱ्यावरून स्थलांतर करणारे ससाणे जाळ्यात पकडले जात. त्यांतील शाहीन म्हणजे आपल्याकडच्या बहिरीच्या कुळातील आणि हुर्र म्हणजे त्याहून थोराड असा सकर ससाणा. डोळ्यांवर घालण्याची चामड्याची टोपी म्हणजे बुर्का, बसण्याचा खुंट म्हणजे वकर, अशी या विद्येची स्वतंत्र शब्दसंपदा आजही आखातात वापरात आहे. काही आठवड्यांत ससाणा माणसाळवला जाई, हिवाळाभर त्याच्याकडून हुबारा मारून घेतले जात आणि वसंतात बहुतेक वेळा तो सोडून दिला जाई. तंबूत राहणाऱ्या कुटुंबाच्या जेवणात तेवढीच मांसाची भर पडे.

या शिकारीत हुबारा मुळीच निमूटपणे बळी जात नसे. ससाणा अंगावर येताना दिसला की तो जमिनीला चिकटतो, पिसे फुगवून स्वतःला मोठा दाखवतो आणि ससाणा पुरेसा जवळ आला की हिरवट, चिकट विष्ठेची पिचकारी नेमकी त्याच्या अंगावर मारतो. ती पिचकारी पंखांवर बसली तर ससाण्याची पिसे एकमेकांना चिकटतात, त्याचे उड्डाण बिघडते आणि मालकाला त्याला धुऊन, वाळवून पुन्हा सज्ज करण्यात बराच वेळ घालवावा लागतो. ससाणा बाळगणाऱ्यांत हुबाराविषयी जो आदर आढळतो त्याचे मूळ या लढ्यात आहे. मात्र या आदराने पक्षी वाचला नाही, हेही तितकेच खरे.

तोल बिघडला तो तेलाच्या पैशाने आणि मोटारीने. उंटावरून दिवसाला एखाद-दुसरा हुबारा मिळवणाऱ्या शिकाऱ्याच्या जागी विसाव्या शतकाच्या मध्यापासून वाळवंटात कोठेही जाऊ शकणाऱ्या गाड्या, बंदुका आणि पुढे दूरसंचाराची साधने आली. आखातातील हुबारा इतके झपाट्याने कमी झाले की शिकारी मंडळी इराक, इराण, पाकिस्तान आणि उत्तर आफ्रिका अशा दूरदूरच्या मैदानांकडे वळली. यावरच थांबले नाही. ससाण्यांना शिकवण्यासाठी पाकिस्तान व इराणमधून जिवंत हुबारा पकडून आखातात चोरून नेण्याचा व्यापारही उभा राहिला. कुवेतच्या वाळवंटावर आणखी एक आघात 1990 च्या ऑगस्टमधील इराकी आक्रमणाने झाला. त्यानंतरच्या युद्धात सहाशेंहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या, तेलाची तळी साचली, सुरुंग पेरले गेले आणि रणगाड्यांनी वरचा पापुद्रा फोडल्याने माती सुटी होऊन उडू लागली. युद्धानंतर माणसाचा वावर पुन्हा वाढला. नोव्हेंबर ते मार्च या थंड महिन्यांत कुवेती कुटुंबे वाळवंटात तंबू ठोकून राहतात, ही तेथील आवडती आणि जुनी प्रथा आहे. पण गाड्यांच्या चाकांनी माती दाबली गेल्यावर आणि शेळ्यामेंढ्यांनी अर्फज खाऊन संपवल्यावर उघड्या माळावर अंग चोरून बसणाऱ्या पक्ष्याला आसरा उरत नाही. तंबूंचा हंगाम आणि हुबाराचा हिवाळा एकाच वेळी येतात, ही अडचण कोणत्याही कायद्याने सहज सुटण्यासारखी नाही.

आशियातील एकूण स्थितीही चांगली नव्हती. कझाकस्तान व चीनमधील वीणक्षेत्रांत 1998 ते 2002 या काळात संख्येत मोठी घट झाल्याचे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आशियाई हुबारा 'असुरक्षित' या वर्गात मोडतो, म्हणजे उपाय न झाल्यास धोका वाढत जाईल अशा जातींत. पाकिस्तानात आखाती मान्यवरांना शिकारीचे खास परवाने देण्याची पद्धत वादग्रस्त ठरली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि पुढच्या जानेवारीत ती उठवली. भारताने हा प्रश्न आधीच सोडवला होता. 1978 च्या सुमारास सौदी राजघराण्यातील एक शिकारी पथक जैसलमेर भागात ससाणे घेऊन उतरले तेव्हा राजस्थानात तीव्र विरोध झाला, आणि त्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर 1980 साली जयपूर येथे माळढोक कुळावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. माळढोक, हुबारा आणि तणमोर यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले कठोर संरक्षण आहे.

आखाती राज्यांनी निवडलेला मार्ग वेगळा होता. शिकार सोडायची नाही आणि पक्षीही संपू द्यायचा नाही, या दुहेरी हेतूने त्यांनी बंदिवासातील प्रजननावर भर दिला. सौदी अरेबियात तायफजवळ 1986 साली, अबू धाबीत स्वैहान येथे 1989 साली आणि अमिरातींच्या पैशाने मोरोक्कोत मिसूर येथे 1995 साली केंद्रे उभी राहिली. सौदी अरेबियातील महाझत अस-सैद या कुंपण घातलेल्या अभयारण्यात 1991 पासून पक्षी सोडण्यात आले. आज अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीमार्फत पैदास झालेल्या पक्ष्यांची संख्या लाखांच्या घरात आहे. तांत्रिक दृष्टीने हे यश असामान्य आहे. मात्र एवढी पैदास नैसर्गिक मीलनातून होणे शक्य नव्हते; ती कृत्रिम रेतनातून झाली. नर एका बनावट मादीपुढे नाचतो, तिच्यावर चढतो, रेत गोळा केले जाते आणि तज्ज्ञांनी वंशावळ पाहून निवडलेल्या मादीत सोडले जाते. नृत्य होते, पण निवड होत नाही. ज्या मादीसाठी उत्क्रांतीने हा सारा खटाटोप घडवला ती समोर नसतेच.

याचा परिणाम काय होतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच केंद्रांतून आले. आदेलीन लोयाउ आणि फ्रेदेरिक लाक्रोआ यांनी मोरोक्कोत केलेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कृत्रिम रेतन केलेल्या काही माद्यांना चांगले नाचणारे नर पाहू दिले, काहींना नाही. फलनाशी त्या नरांचा काही संबंध नसतानाही, त्यांना पाहिलेल्या माद्यांच्या अंड्यांतून पिले निघण्याचे प्रमाण अधिक होते आणि पिलांची वाढ चांगली झाली. अंड्यात मादीने सोडलेल्या संप्रेरकांचे प्रमाणही बदलले होते. दुसऱ्या शब्दांत, नृत्य पाहणे हाच मादीच्या शरीरावर होणारा एक परिणाम आहे, आणि नृत्य हा निवडीच्या आधीचा निव्वळ देखावा आहे ही समजूत अपुरी ठरते. आनुषंगिक संशोधनात असेही दिसले की वंशावळीची काटेकोर काळजी घेऊनही बंदिवासातील पिढ्यांत जननपेशींच्या निर्मितीशी निगडित गुण आनुवंशिक पातळीवर सरकू लागतात, कारण माणूस नकळत जास्त अंडी आणि जास्त शुक्राणू देणाऱ्यांनाच पुढे नेतो. उझबेकिस्तानात सोडलेल्या पक्ष्यांवर उपग्रह-यंत्रे बसवून झालेल्या अभ्यासात बंदिवासात वाढलेले हुबारा रानटी हुबारांच्या मानाने उशिरा निघताना आणि कमी अंतर जाताना आढळले. जो पक्षी संख्येने परतला तो वागणुकीनेही पूर्वीचाच आहे, असे गृहीत धरता येत नाही, असा या सर्व निष्कर्षांचा एकत्रित अर्थ होतो. प्रजनन केंद्रे बंद करावीत, असा मात्र तो अर्थ नाही. शिकारीचा दाब बंदिवासात वाढवलेल्या पक्ष्यांवर वळवून रानटी साठ्याला उसंत देण्याचे काम ती करतात, आणि हे काम क्षुल्लक नव्हे.

या कुळाचे मराठी मुलखातील दोन सदस्य याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला उभे आहेत. विदर्भातील अकोला-वाशिम पट्ट्यातील गवताळ माळांवर पावसाळ्यात येणारा तणमोर गवतातून उभी उडी मारून नाचतो, आणि एकेक नर दिवसाला अशा शेकडो उड्या मारू शकतो. तेथे पूर्वी फासे लावून पक्षी धरणाऱ्या फासेपारधी समाजालाच संरक्षणाच्या कामात घेण्याचा प्रयत्न 'संवेदना' या संस्थेने केला, आणि जागेची अचूक माहिती ज्याच्याकडे आहे त्यालाच राखणदार करण्याची ही कल्पना आखातात ससाणा पाळणाऱ्यांना संवर्धनात ओढण्याच्या धोरणाशी जुळणारी आहे. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरासाठी 1979 साली जाहीर झालेले माळढोक अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. शेती, गावे आणि रस्ते त्यात आल्याने ते पुढे कमी करून 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले, आणि माळढोक तेथे आता नावापुरता उरला आहे. माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उलटी टाकून नाचतो. देशभरात मिळून माळढोकांची संख्या आता दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी मानली जाते, आणि त्यांतील बहुतेक जैसलमेर भागात आहेत.

तेथील प्रजनन केंद्रांत आखातातील अनुभव थेट उपयोगी पडला. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 पासून सम येथे आणि नंतर रामदेवरा येथे अंडी आणून पिले वाढवण्यास सुरुवात केली, आणि कृत्रिम रेतनाचे तंत्र तिने अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीकडून शिकून घेतले. रामदेवरा येथील सुदा नावाच्या नराला बनावट मादीशी मीलन करायला शिकवले गेले, त्याचे रेत सम येथे नेऊन टोनी नावाच्या मादीत सोडले गेले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये या मार्गाने जन्मलेले माळढोकाचे पहिले पिलू बाहेर आले. हुबारासाठी लाखोंच्या प्रमाणात जी पद्धत वापरली गेली, ती माळढोकासाठी एकेका अंड्याच्या हिशेबाने वापरावी लागते आहे. संकटाच्या या टप्प्यावर मादीने निवडलेला नर की माणसाने निवडलेला, हा प्रश्न मागे ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. तथापि सोडलेल्या पिलांना नाचायला माळ लागेल, आणि विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून सर्वोच्च न्यायालयात लढवला गेलेला वाद हा मुळात त्या माळाचाच वाद आहे.

कुवेतमध्ये हा माळ मर्यादित स्वरूपात मिळू शकतो. कुवेत उपसागराच्या उत्तरेकडील जाल अझ-झोर या कड्याला लागून असलेले सबाह अल-अहमद अभयारण्य सुमारे 320 चौरस किलोमीटरचे असून त्याला कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आत गाड्या व कळप नसल्याने अर्फज आणि रिम्थ पुन्हा दाट होत असल्याचे दिसते. 2014 च्या 42 क्रमांकाच्या पर्यावरण कायद्याने देशभर वन्य पशुपक्ष्यांच्या शिकारीला मनाई केली आहे. हिवाळी पाहुण्याला एवढे पुरेसे ठरू शकते. त्याला खाद्य, आडोसा आणि तीन-चार महिन्यांची शांतता हवी असते. परंतु शेकडो मीटर अंतर राखून, एकमेकांना पाहत-ऐकत नाचणाऱ्या नरांचे विखुरलेले नृत्यांगण उभे राहण्यासाठी पक्षी वसंतातही थांबायला हवेत, माद्यांना निवड करण्याइतके नर हवेत, आणि मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तंबू नुकतेच उठत असतानाच्या आठवड्यांत, माळ मोकळा हवा. अरबी द्वीपकल्पात, विशेषतः ओमान आणि सौदी अरेबियात, कायम राहून वीण करणाऱ्या हुबारांचे छोटे समूह टिकून असल्याने कुवेतमध्ये असे होणे अशक्य कोटीतले नाही. अशा प्रयत्नाच्या यशाचे माप किती पक्षी सोडले यापेक्षा किती नरांनी दोन-तीन वर्षे सलग एकाच जागी पिसे फुलवली यावरून घ्यावे लागेल, आणि त्यासाठीची पाहणी हिवाळ्यातली पक्षीगणना संपल्यानंतर सुरू करावी लागेल.